पाठभेदांचे कोठार : इतिहास न पुसता वेग कसा साधतो?

केळझरला प्रथम येणाऱ्या पाहुण्याला दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. एक, टेकडीवरील सिद्धिविनायकाची. आणि दुसरी, हे गाव म्हणजे महाभारतातील एकचक्रानगरी होय ही. लाक्षागृहातून निसटलेले पांडव येथे एका ब्राह्मणाच्या घरी वेष पालटून राहिले. गाडाभर भात, दोन रेडे आणि एक माणूस असा बकासुराचा कर गावकरी पाळीपाळीने भरत. एके दिवशी त्या गाड्यावर भीम बसून गेला आणि बकासुराचा अंत झाला. ही कथा आपल्यापैकी बहुतेकांनी आजीच्या तोंडून ऐकली आहे.

गंमत अशी की, खानदेशातील एरंडोलचे लोकही हीच कथा आपल्या गावची म्हणून सांगतात, आणि बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात तर एकचक्रा नावाचे गावच आहे. खरे कोण, या वादात शिरण्याचे प्रयोजन नाही. साहित्याच्या विद्यार्थ्याला पडावा असा प्रश्न निराळा आहे. एकच मजकूर अनेक हातांतून, अनेक गावांतून जातो तेव्हा त्याची सगळी रूपे जपायची कशी? आणि जपली, तर त्या प्रचंड राशीतून हवे ते वेळेवर हाती यायचे कसे? पहिला प्रश्न आपल्याला भाषाशास्त्राच्या आणि पाठचिकित्सेच्या तासाला भेटतो. दुसरा प्रश्न आज संगणकाच्या क्षेत्रातील मंडळींना रोज भेटतो आहे. या दोन प्रश्नांचे नाते दाखवावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पुण्यातील कागद

महाभारताची चिकित्सक आवृत्ती हे मराठी भूमीत झालेले या प्रकारचे सर्वांत मोठे काम. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना १९१७ सालची; महाभारताच्या कामाचा आरंभ १९१९ चा. १९२५ साली डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर प्रमुख संपादक झाले. केंब्रिजला गणित आणि बर्लिनला भाषाशास्त्र शिकलेल्या या माणसाने कामाला जी शिस्त लावली, ती १९४३ साली त्यांचे निधन झाल्यावरही टिकली. त्यांच्यामागे डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि नंतर डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी ती धुरा वाहिली. १९६६ साली, म्हणजे आरंभापासून ४७ वर्षांनी, राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते कार्यपूर्तीचा समारंभ झाला. या कामासाठी एकंदर १,२५९ हस्तलिखितांचा उपयोग केला गेला. शारदा, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम, देवनागरी अशा कितीतरी लिप्यांतल्या त्या पोथ्या होत्या.

आता क्षणभर विचार करावा. सुमारे लाख श्लोकांचा ग्रंथ, आणि प्रत्येक पर्वाच्या पोथ्या डझनांनी. प्रत्येक पोथी संपूर्ण उतरवून घ्यायची म्हटली असती, तर काम शतकभर संपले नसते. यावर योजलेली युक्ती साधी होती. एका श्लोकाला एक चौकटी आखलेला कागद. वरच्या ओळीत प्रचलित पाठ, एकेक अक्षर सुटे करून लिहिलेला. त्याखाली प्रत्येक पोथीसाठी एक ओळ. आणि त्या ओळीत केवळ जेथे पोथी निराळी असेल तेवढेच अक्षर लिहायचे. जेथे मिळते, तेथे चौकट कोरी. सारखे ते एकदाच, निराळे तेवढे वेगळे. शिवाय सगळ्या पोथ्या पुण्याला आणण्याचा हट्टही धरला नाही. दक्षिणेकडील पोथ्यांसाठी तंजावरला आणि बंगालीतील पोथ्यांसाठी शांतिनिकेतनला पाठ जुळवण्याची केंद्रे चालली.

एक गोष्ट येथे मुद्दाम सांगितली पाहिजे, कारण ती केळझरकरांच्या जिव्हाळ्याची आहे. व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहावे, ही सुप्रसिद्ध कथा चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही. जुन्या व परस्परांपासून स्वतंत्र अशा पोथ्यांचा आधार तिला मिळाला नाही. परंतु सुखटणकरांनी ती फेकून दिली नाही. १९३३ साली पूर्ण झालेल्या आदिपर्वाच्या परिशिष्टात ती आहे, आणि कोणकोणत्या पोथ्यांत ती येते याची नोंदही तिच्यासोबत आहे. काढून टाकणे आणि बाजूला नोंदवून ठेवणे यांतला हा फरक वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढील सारे विवेचन त्यावरच उभे आहे.

सातबारा आणि फेरफार

आता संगणकाकडे वळू. आपल्यापैकी अनेकांच्या संगणकात ‘निबंध अंतिम’, ‘निबंध अंतिम दुरुस्त’ आणि ‘निबंध खरोखर अंतिम’ अशा तीन फाइली शेजारी शेजारी नांदत असतात. कोणता बदल कोठे व कशासाठी केला, हे महिन्याभराने खुद्द लेखकालाही सांगता येत नाही. एका माणसाच्या एका निबंधाची ही दशा. तर शेकडो माणसे मिळून जी आज्ञावली लिहितात, तिचे काय होईल?

यासाठी जी व्यवस्था असते, तिचे तत्त्व शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला समजावून सांगावे लागत नाही. सातबाऱ्यावर जमिनीची आजची स्थिती असते. ती बदलायची तर प्रथम फेरफार नोंदवहीत नोंद होते. तिला क्रमांक पडतो, कारण लिहिले जाते, मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो, आणि मग तो क्रमांक सातबाऱ्यावर येतो. जुने नाव रबराने पुसत नाहीत. त्याला कंस करतात. ज्याला आपल्याकडे पटवारी म्हणत आले त्याच्या दप्तरात शोध घेतला, तर शेत कोणाकडून कोणाकडे आले हे मागे मागे जात पाहता येते.

आज्ञावलीच्या जगात सर्वाधिक प्रचार असलेली अशी व्यवस्था म्हणजे गिट. लिनस टोरवाल्ड्स याने एप्रिल २००५ मध्ये, लिनक्स या प्रणालीची आज्ञावली सांभाळण्यासाठी, ती रचली. गिटमधील फेरफाराच्या नोंदीला कमिट म्हणतात. प्रत्येक नोंदीत बदल कोणी, केव्हा व का केला हे असते. आणि ती नोंद कोणत्या आधीच्या नोंदीवर उभी आहे हेही असते. दोन शाखा एकत्र आणल्या, तर त्या नोंदीत दोन्ही जन्मदात्यांची नावे असतात. सुखटणकरांची सर्वांत मोठी अडचण नेमकी येथे होती. जुने लेखनिक दोनतीन पोथ्या पुढ्यात घेऊन मजकूर मिसळीत, आणि कोठून काय घेतले हे लिहून ठेवीत नसत. त्यामुळे पोथ्यांची निर्भेळ वंशावळ मांडणे अशक्य होऊन बसले. गिटमध्ये वंशावळ तर्काने उभी करावी लागत नाही; ती प्रत्येक नोंदीत लिहिलेलीच असते.

गिटची दुसरी खुबी म्हणजे ठसा. प्रत्येक मजकुरावर गणिती प्रक्रिया करून ४० अक्षर-अंकांचा एक ठसा काढला जातो. एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा बदलतो. मजकूर तोच असेल तर ठसाही तोच. त्यामुळे तोच मजकूर शंभर नोंदींत आला, तरी तो कोठारात एकदाच ठेवावा लागतो. फाइलींच्या कप्प्यालाही असाच ठसा असतो, आणि तो आतील साऱ्या ठशांवरून काढलेला असतो. दोन आवृत्त्यांतील एखाद्या कप्प्याचा ठसा जुळला, की आत डोकावण्याचे कारणच उरत नाही. पुण्याच्या कागदावरील कोऱ्या चौकटीचेच हे रूप.

कोठार फुगते तेव्हा

इतकी सोय असताना अडचण कोठे येते? ती आकारात येते. गूगल या कंपनीने आपली बहुतेक सारी आज्ञावली एकाच कोठारात ठेवली आहे. जानेवारी २०१५ मध्ये त्या कोठारात सुमारे २०० कोटी ओळी, साडेतीन कोटी फेरफार आणि ८६ टेराबाइट एवढा साठा होता. तेथे गिट नव्हे, घरचीच व्यवस्था वापरली जाते. मायक्रोसॉफ्टने मात्र २०१७ साली विंडोज प्रणालीची आज्ञावली गिटमध्ये आणली : सुमारे ३५ लाख फाइली, ३०० गिगाबाइट, आणि त्यावर काम करणारे सुमारे ४,००० अभियंते. गिटच्या मूळ पद्धतीने या कोठाराची प्रत आपल्या संगणकावर घ्यायला बारा तासांहून अधिक वेळ लागे. ‘मी काय काय बदलले?’ एवढे विचारले, तर उत्तर यायला दहा मिनिटे जात.

दहा मिनिटे म्हणजे फार नव्हेत, असे कोणी म्हणेल. परंतु हा प्रश्न काम करणारा दिवसातून पन्नासदा विचारतो. उत्तराला वेळ लागू लागला की माणूस विचारणेच सोडतो. नोंदी कमी करतो. आठवड्याचे बदल एकाच गठ्ठ्यात टाकून मोकळा होतो. म्हणजे व्यवस्था मंदावली की इतिहासच निकृष्ट होतो. पटवाऱ्याच्या कचेरीत दहा हेलपाटे पडणार असतील तर लोक फेरफार नोंदवायचेच टाळतात, त्यातला हा प्रकार. म्हणून वेग ही येथे चैन नाही. प्रामाणिक नोंदीची ती अटच आहे.

चार उपाय

यावर जे उपाय निघाले, ते चार प्रश्नांच्या रूपाने मांडता येतात.

पहिला : काय बदलले, हे सगळ्यांना विचारत का फिरावे? गिट आपल्याजवळ एक सूची ठेवते. त्या सूचीत प्रत्येक फाइलचा आकार आणि ती शेवटी केव्हा बदलली ती वेळ असते. स्थिती विचारली की गिट एकेका फाइलीपाशी जाऊन सूचीशी ताडून पाहते. फाइली दोनशे असतील तर हे क्षणात होते. ३५ लाख असतील तर ३५ लाख चौकशा. सबंध महाविद्यालयाची हजेरी घेऊन कोण बाहेर गेले हे ठरवण्यासारखेच ते आहे. त्यापेक्षा फाटकावर एक पहारेकरी बसवावा आणि त्याने जाणाऱ्या-येणाऱ्याची तेवढी नोंद ठेवावी, हे बरे. फेसबुकने आपल्या अवाढव्य कोठारासाठी मर्क्युरिअल नावाची गिटसारखीच दुसरी व्यवस्था घेतली होती. तिला त्यांनी ‘वॉचमन’ नावाचा असाच पहारेकरी जोडला, आणि स्थिती सांगण्याचा वेग पुष्कळ वाढल्याचे जानेवारी २०१४ मध्ये जाहीर केले. गिटमध्ये असा पहारेकरी प्रथम बाहेरून जोडता येई. २०२२ साली विंडोज आणि मॅक या प्रणालींसाठी तो गिटच्या अंगीच आला.

दुसरा : जे लागणार नाही, ते घरी का आणावे? आदिपर्वावर टिपण लिहिणारा विद्यार्थी ग्रंथालयातून अठराही पर्वे उचलून आणत नाही. विंडोजच्या कोठारात ३५ लाख फाइली असल्या, तरी एका अभियंत्याला त्यांतील अल्प भागच लागतो. म्हणून मायक्रोसॉफ्टने अशी योजना केली की, संगणकावर सगळ्या फाइली असल्याचे दिसावे, पण फाइल प्रत्यक्षात उघडेल तेव्हाच ती मध्यवर्ती कोठारातून यावी. बारा तासांचे काम काही मिनिटांवर आले आणि दहा मिनिटांचे उत्तर चारपाच सेकंदांवर. बकासुराला गाडाभर अन्न पोचवण्याऐवजी ताटात लागेल तेवढे वाढावे, असे म्हणता येईल. पुढे गिटमध्येच याच्या दोन साध्या सोयी झाल्या. एकीत नोंदींची वंशावळ पूर्ण येते, पण फाइलींचा मजकूर मागितल्यावरच येतो. दुसरीत आपल्याला हवे तेवढेच कप्पे समोर मांडले जातात. दुसरीसाठीची सुटसुटीत आज्ञा जानेवारी २०२० मधील आवृत्तीत आली. न उघडलेला कप्पा मग सूचीतही एका ओळीत, केवळ ठशाने दाखवता येतो. त्यामुळे सूचीही आटोपशीर राहते.

तिसरा : वंशावळ दर वेळी नव्याने का वाचावी? ‘ही नोंद त्या नोंदीची पूर्वज आहे काय?’ हा प्रश्न शाखा जुळवताना पदोपदी येतो. उत्तरासाठी एकेक नोंद सोडवून तिचा जन्मदाता पाहायचा, मग त्याचा, असे मागे जावे लागते. लाखो नोंदी असल्या की हे पायी चालणे फार लांबते. २०१८ साली गिटमध्ये वंशावळीचा एक वेगळा, आटोपशीर तक्ता ठेवण्याची सोय झाली. त्यात प्रत्येक नोंदीला पिढीचा क्रमांक असतो : जिला जन्मदाता नाही तिची पहिली पिढी, आणि इतर प्रत्येकीची पिढी आपल्या जन्मदात्यांतील सर्वांत मोठ्या क्रमांकाहून एकाने अधिक. आता उघडच आहे की, सातव्या पिढीचा माणूस पाचव्या पिढीच्या माणसाचा पूर्वज असूच शकत नाही. नुसते क्रमांक पाहून हजारो वाटा न चालताच सोडून देता येतात.

याच तक्त्याला २०२० मध्ये आणखी एक जोड मिळाली. जुन्या पोथ्यांच्या बस्त्याला चिठ्ठी लावलेली असते. ती वाचून ‘हवे ते यात नाही’ हे बस्ता न सोडता कळते. तशीच एक चिमुकली गणिती चिठ्ठी प्रत्येक नोंदीला लावली गेली. अमुक फाइल या नोंदीत बदलली का, असे विचारले तर ती ‘नक्की नाही’ किंवा ‘बहुधा असेल’ यांपैकी एक उत्तर देते. ‘असेल’ म्हटले तर उघडून पाहावे लागते आणि क्वचित चिठ्ठी चुकीची आशाही लावते; परंतु ‘नाही’ म्हटले तर ते शंभर टक्के खरे असते. ही कल्पना बर्टन ब्लूम याने १९७० साली मांडलेली. एका फाइलीचा इतिहास शोधताना बहुसंख्य नोंदींचे उत्तर ‘नाही’ हेच असल्याने बहुसंख्य बस्ते बांधलेलेच राहतात.

चौथा : झाडलोट पाहुणे आल्यावर का करावी? नव्या नोंदी कोठारात सुट्या पडतात. अधूनमधून त्या एका गठ्ठ्यात बांधाव्या लागतात. आणि बांधताना एकमेकांसारखे मजकूर शेजारी ठेवून, एक पूर्ण व दुसऱ्याचा केवळ फरक, असे साठवले जाते. पुण्यातील कागदांची पद्धत ती हीच. या कामाला वेळ लागतो, आणि पूर्वी ते नेमके घाईच्या वेळी सुरू होऊन माणसाला ताटकळत ठेवी. २०२० सालापासून ते ठराविक वेळांना, मागल्या दारी, थोडे थोडे करून घेण्याची सोय गिटमध्ये आहे. मोठ्या कोठाराला लागणाऱ्या अशा साऱ्या सोयी एकदम लावून देणारे ‘स्कॅलर’ नावाचे साधनही ऑक्टोबर २०२२ पासून गिटसोबतच मिळते.

एक फसवा उपाय

चारही उपायांत एक समान सूत्र वाचकांच्या लक्षात आलेच असेल. कोठेही जुनी नोंद नष्ट केलेली नाही. न बदललेले पुन्हा तपासायचे नाही, न लागणारे आणायचे नाही, एकदा काढलेले उत्तर लिहून ठेवायचे, आणि आवराआवर आधीच करायची, एवढेच.

याहून सोपा एक उपाय आहे, आणि तोच मोह पाडणारा आहे : इतिहासच कापून टाकावा. गिटमध्ये केवळ शेवटच्या काही नोंदींपुरती उथळ प्रत घेता येते. एखादी आज्ञावली एकदा चालवून पाहायची आणि प्रत टाकून द्यायची, तर ही सोय रास्तच आहे. मूळ कोठार शाबूत असतेच. परंतु कित्येकदा कोठार जड झाले म्हणून जुने सारे सोडून फक्त आजची स्थिती घेऊन नवे कोठार थाटले जाते. वेग तर मिळतो. पण पुढे कोणी विचारले, ‘ही ओळ येथे का आहे?’, तर उत्तर देणारे कोणी नसते. सातबारा हाती आहे पण फेरफार नोंदवही जळाली, अशी ती अवस्था होय. मागितले तेव्हाच आणण्याच्या पद्धतीलाही एक मर्यादा आहे. वाट बंद पडली, तर न आणलेला भाग आपल्याजवळ नसतो. तेव्हा निदान एका ठिकाणी तरी संपूर्ण कोठार जपलेले असलेच पाहिजे.

आपल्यापुरते

कला शाखेच्या विद्यार्थ्याने हे कशासाठी वाचावे, असा प्रश्न काही सन्मित्र विचारतील. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, महाभारताच्या पोथ्यांचे काम पुण्याला झाले. परंतु केळझरच्या बकासुराच्या कथेचे काम अजून कोणी केलेले नाही. गाडा कोणत्या वाटेने गेला, पाळी कोणाच्या घरची होती, बकासुर कोठे पडला, हे दर घरी थोडे निराळे ऐकू येते. ते सांगणारी माणसे आता वयोवृद्ध झाली आहेत. आपण कथा गोळा करायला निघतो तेव्हा सर्वसाधारणपणे चार आवृत्त्या ऐकून एक ‘चांगली’ कथा लिहितो आणि बाकीच्या विसरतो. जुन्या लेखनिकांनी केलेली चूक ती हीच. प्रत्येक कथन स्वतंत्र लिहावे. कोणी, कोणत्या दिवशी, कोणाकडून ऐकलेले सांगितले ते त्यासोबत नोंदवावे. दुरुस्ती केली तर जुने न खोडता नवी नोंद करावी. सुरुवातीला यासाठी दोनशे पानी वहीसुद्धा पुरेल. पुढे राशी वाढली, तर त्यातून चटकन शोधण्याची साधने आज विनामूल्य उपलब्ध आहेत.

शोधण्याची गती उद्याही वाढवता येईल. पण जे लिहूनच ठेवले नाही, ते कोणतेही यंत्र कितीही वेगाने शोधू लागले तरी सापडणार नाही. म्हणून या सुट्टीत आपापल्या घरच्या आजी-आजोबांपासून आरंभ करावा. पुढच्या वर्षीच्या अंकात केळझरच्या कथेचे निदान पाच पाठ शेजारी शेजारी छापलेले पाहायला मिळाले, तर प्रस्तुत लेखकाला आपले श्रम सार्थकी लागल्याचे समाधान वाटेल.